शहरातली शाळा की उपनगरातली? मुंबई परिसरात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरायचे दिवस आले की ओळखीतल्या नव्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. "बाई, मुंबई महापालिका आधी टाकू की कल्याण-डोंबिवली?" "बदलापूरला संस्था बोलावतेय, दादरला रजेची जागा आहे, कुठे जाऊ?" मी आधी डोंबिवलीपलीकडच्या विनाअनुदानित शाळेत शिकवलं आणि नंतर परळच्या अनुदानित शाळेत आले. दोन्ही बाजू आतून पाहिल्यामुळे मला ठामपणे वाटतं की शाळेचा पत्ता सगळ्यात शेवटी बघावा. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: शाळा कोणाची आहे, तिचा पट (विद्यार्थिसंख्या) कुठल्या दिशेने चालला आहे आणि तुमच्या घरापासून रोज तिथे पोचायला किती ताकद लागते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. 'शहर' आणि 'उपनगर' यांतली खरी रेघ ओळखा

बोलताना आपण कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत शहर म्हणतो आणि वांद्रे ते दहिसर, कुर्ला ते मुलुंड हे उपनगर. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे जिल्हेही वेगळे आहेत. पण नोकरीच्या दृष्टीने या रेघेला फार अर्थ नाही. दोन्हीकडे महापालिका एकच. तिच्या शाळेत रुजू झालात तर आज भायखळ्याला आणि काही वर्षांनी मालाडला असं होऊ शकतं.

खरी रेघ दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दच्या पुढे आहे. तिथून नेमणूक करणारी संस्थाच बदलते. म्हणून पुढे मी 'शहर' म्हणेन ते मुंबई महापालिकेच्या हद्दीला आणि 'उपनगर' म्हणेन ते या रेघेपलीकडच्या वस्तीला. मीरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, नवी मुंबई, पनवेल या सगळ्या स्वतंत्र महापालिका. अंबरनाथ आणि बदलापूर या नगरपरिषदा. आणि त्यांच्या भोवती ठाणे, पालघर, रायगड या जिल्हा परिषदा. एकीच्या सेवेतून दुसरीच्या सेवेत जाणं म्हणजे साधी बदली नव्हे. 'आधी बाहेर लागू, मग मुंबईत येऊ' हा हिशेब बहुतेकांचा फसतो तो इथेच.

इथे एक मोठा सापळा आहे. प्राधान्यक्रमात 'जिल्हा परिषद, ठाणे' दिसलं की अनेकांना ठाणे शहर आठवतं. ठाणे शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळा ठाणे महापालिकेच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यांच्या ग्रामीण भागात आहेत. रायगडचंही तसंच: पनवेलजवळची शाळा मिळेल या आशेवर क्रमांक टाकला आणि पोलादपूरला नेमणूक झाली, तर तक्रार करायला जागा नाही. पालघरमध्ये वसई आणि मोखाडा एकाच जिल्हा परिषदेत येतात. उलट वसई-विरारला महापालिका झाली तरी तिच्या हद्दीतल्या अनेक शाळा वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. म्हणून आस्थापनेचं नाव वाचून थांबू नका, तिच्या शाळा प्रत्यक्ष कुठल्या गावांत आहेत ते नकाशावर बघा.

कार्यालयंही वेगळी आहेत. मुंबईत जिल्हा परिषद नसल्यामुळे खाजगी माध्यमिक शाळा शिक्षण निरीक्षकांकडे येतात, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा विभागांत. मुंबईबाहेर हेच काम जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी करतात, शाळा महापालिकेच्या हद्दीत असली तरी. तुमच्या नेमणुकीच्या मान्यतेचा कागद कोणत्या टेबलावर जाणार हे यावरून कळतं.

२. तुमच्या पात्रतेने कुठली दारं उघडतात ते बघा

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (जुनं डी.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, पहिला पेपर; सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि दुसरा पेपर. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निर्णय दिला. त्यामुळे फक्त बी.एड. असलेल्यांनी पहिली ते पाचवीच्या जागेच्या मागे लागू नये, कोणी 'करून देतो' म्हणालं तरी. टीईटीचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा असतो. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटात ६० टक्के, राखीव गटात ५५ टक्के लागतात. प्रमाणपत्र आता कायमचं वैध आहे. केंद्राची सीटीईटीही चालते.

त्यानंतर अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. नावं इतकी सारखी की घरचे लोक दोन्ही परीक्षा एकच समजतात. ही २०० गुणांची, दोन तासांची: १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. ती दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली. '२०२२' नावाची प्रत्यक्षात २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. पुढची २०२५ मध्ये. म्हणजे एक संधी हुकली तर पुढचीची वाट काही वर्षं बघावी लागू शकते. शासकीय आणि अनुदानित जागांची वाट या चाचणीच्या गुणांवरूनच जाते. केंद्रीय मंडळाच्या आणि आंतरराष्ट्रीय खाजगी शाळा स्वतःच भरती करतात. तिथे टेट विचारत नाहीत, पण बी.एड., विषयावरची पकड आणि इंग्रजीतला नमुना पाठ बघतात.

टीईटीशिवाय घेतो, नंतर बघू, असं सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. जुन्यांनाच सूट उरली नाही, तर नव्यांना कोण देणार?

३. शाळा कोणाची आहे ते विचारा

सगळ्यांत जास्त वेळ मी या पायरीला द्यायला सांगते. दादरची शाळा आणि विरारची शाळा यांत जेवढा फरक आहे, त्याहून जास्त फरक एकाच रस्त्यावरच्या अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांत असतो.

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद: नेमणूक फक्त भरतीतून. पगार वेतनश्रेणीने. बदली होते, निवडणूक आणि जनगणनेची कामं येतात. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते, आणि गेल्या काही वर्षांत मुंबई पब्लिक स्कूल या नावाखाली केंद्रीय मंडळांच्या शाळाही सुरू झाल्या आहेत. जाहिरातीत माध्यम नीट वाचा.

अनुदानित खाजगी संस्था: पगार शासनाकडून, नेमणूक संस्थेची, जागा पवित्र पोर्टलवर. बदली झाली तर संस्थेच्याच दुसऱ्या शाखेत. म्हणून मुलाखतीआधी संस्थेच्या शाखा कुठे कुठे आहेत ते विचारून घ्या.

अंशतः अनुदानित: २०, ४०, ६०, ८० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान मिळतं. तुम्हाला शासनाकडून तेवढाच टक्का येणार. उरलेला संस्था देते का, याचं उत्तर मुख्याध्यापकांकडून नव्हे, तिथे आत्ता शिकवणाऱ्या शिक्षकांकडून घ्या. पुढचा टप्पा 'लवकरच' मिळणार असं प्रत्येक ठिकाणी सांगतात; राज्यातल्या शिक्षकांनी त्यासाठी आझाद मैदानावर वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. आजच्या टक्क्यात घर चालेल का, एवढंच बघून ठरवा.

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित: पगार पूर्णपणे संस्थेच्या मर्जीवर आणि फीवर.

आता शहर-उपनगराचा मुद्दा इथे कसा येतो ते बघा. गिरगाव, दादर, परळ, पार्ले इथल्या जुन्या संस्था अनुदानाच्या काळात उभ्या राहिल्या. डोंबिवलीपलीकडची, वसई-विरारची, बदलापूरची वस्ती मुख्यतः नंतर वाढली. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' अशीच परवानगी मिळू लागली. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढला, पण अनुदान टप्प्याटप्प्यानेच आलं आणि अनेकांना अजून पूर्ण आलेलं नाही. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि नवी भर बहुतेक त्यातून पडली. परिणाम असा की जिथे मुलं जास्त आहेत तिथे अनुदानित जागा कमी आणि जिथे अनुदानित जागा आहेत तिथे मुलं कमी. शहराचा मोह आणि शहराची अडचण दोन्ही इथूनच निघतात.

४. पट बघा, आणि पहिलीचा बघा

गिरणगावातल्या शाळांमध्ये एकेकाळी एका इयत्तेच्या पाच-पाच तुकड्या होत्या असं जुने शिक्षक सांगतात. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडून टॉवर आले, आणि ती कुटुंबं लोकलच्या रुळांबरोबर डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे गेली. जी राहिली त्यांतल्या बऱ्याच जणांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालयं उत्तम आहेत आणि शिकवणारेही जीव तोडून शिकवतात.

पण तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे, तेव्हा यंत्रणा कशी चालते ते समजून घ्या. दरवर्षीच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. आधार पडताळणी झालेलीच मुलं त्यात धरतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान पटाच्या शाळांवरचा ताण आणखी वाढला. मंजूर जागा कमी झाल्या की कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतं, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांत खाली असतो तो बहुधा नवा शिक्षक. अनुदानित शाळेत समायोजन होतं, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवतात, पगार चालू राहतो. तरीही मधले महिने फार अवघड जातात. माझ्या शाळेतल्या चांगल्या सहकाऱ्यांना मी यातून जाताना पाहिलं आहे.

म्हणून शाळेला भेट द्याल तेव्हा हे विचारा:

- गेल्या तीन वर्षांत पहिलीत (माध्यमिक असेल तर पाचवीत) किती मुलं आली?
- माध्यमिक शाळेला स्वतःची प्राथमिक शाळा आहे का? नसेल तर पाचवीत मुलं येतात कुठून?
- शेवटच्या संचमान्यतेत तुमच्या विषयाच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरलेल्या?
- जवळपास कोणती चाळ किंवा झोपडपट्टी पुनर्विकासात जाणार आहे?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण शहरात तोच निर्णायक ठरतो. हजार घरांची वस्ती संक्रमण शिबिरात गेली की शाळेचा अर्धा पट जातो. शाळेचा यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मिळाला तर केंद्राच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर पटाची माहिती तुम्ही स्वतः बघू शकता. दहावीचा निकाल सगळे विचारतात. मी म्हणेन पहिलीचा हजेरीपट विचारा.

उपनगरात पटाची चिंता सहसा उलटी असते. वर्गात साठ मुलं, दोन अधिवेशनं (सकाळची आणि दुपारची पाळी), प्रयोगशाळेसाठी खोली नाही. घसा सांभाळायची तयारी ठेवा.

५. हातात किती येणार आणि किती उरणार

शासनमान्य जागेवर लागलात तरी पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक असता. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना आहे. हा आकडा मुंबईत आणि मोखाड्यात सारखाच. घरभाडं भत्ता, महागाई भत्ता यांतलं काही त्यात नसतं. बाहेरगावाहून येऊन मुंबईत सोळा हजारांत खोली घेऊन राहणं किती कठीण आहे, हे अर्ज भरायच्या आधी शांतपणे मांडून बघा. नातेवाइकांकडे किंवा आईवडिलांच्या घरी राहायची सोय असेल तर शहर परवडतं. नसेल तर ही तीन वर्षं घराजवळच्या जागेवर काढणं शहाणपणाचं, असं मला मनापासून वाटतं.

सेवक कालावधी संपला की प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराची ३८,६०० पासून सुरू होते. इथे शहराचा फरक पडतो. घरभाडं भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगात त्यांचे सुरुवातीचे दर मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के होते आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढत जातात. केंद्राच्या वर्गवारीत बृहन्मुंबईचा सलग नागरी पट्टा एक्समध्ये आहे, त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर येतात. भिवंडी आणि वसई-विरार मात्र वायमध्ये आहेत. २९,२०० वर सुरुवातीच्या दराने हिशेब केला तर एक्समध्ये ७,००८ आणि वायमध्ये ४,६७२. म्हणजे भाईंदर आणि नायगावमध्ये एक खाडी आहे आणि पगारात दोन हजारांहून जास्त फरक. डोंबिवलीत राहणाऱ्याने फक्त भत्त्यासाठी मुंबई धरायचं कारण नाही. तो तिथेही मिळतो. ज्या शाळेत जाणार तिथल्या लेखनिकाला 'घरभाडं कोणत्या वर्गाने निघतं' एवढा एक प्रश्न विचारा.

खाजगी विनाअनुदानित शाळेत पगार बँकेतच घ्या. जास्त रकमेवर सही घेऊन कमी रक्कम हातात देणं, किंवा खात्यात जमा करून काही भाग रोख परत मागणं हे प्रकार चालतात. असं कोणी सुचवलं तर ती जागा सोडा.

६. प्रवासाची चाचणी शाळेच्या दिवशी करा

चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण सुमारे ५४. अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. सकाळची गर्दी दक्षिणेकडे वाहते. तुम्ही दादरला राहत असाल आणि शाळा वसईत असेल तर सकाळी बसायला जागा मिळते आणि गाडीत वह्या तपासून होतात. बदलापूरला राहून परळला यायचं असेल तर अंबरनाथ यायच्या आधीच दारात उभं राहायला जागा उरत नाही. पनवेलहून हार्बरने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या मार्गावर जलद गाड्या नाहीत. प्रत्येक स्टेशन घेतच यावं लागतं. कर्जत आणि कसारा बाजूला गाड्यांमधलं अंतर मोठं आहे, एक चुकली की पहिला तास गेला.

सकाळच्या अधिवेशनाची माध्यमिक शाळा सातच्या सुमारास भरते. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. तो मुलांसाठी चांगला आहे, पण त्यामुळे प्राथमिक शिक्षक नेमके ऐन गर्दीच्या वेळी गाडीत असतात. शाळेची वेळ विचारल्याशिवाय प्रवासाचा अंदाज करू नका.

चाचणी कशी करायची? सोमवारी, शाळेच्या वेळेला, घरातून निघून शाळेच्या फाटकापर्यंत जा आणि संध्याकाळी परत या. जमलं तर जुलैत. स्टेशनच्या पुढचा टप्पा विसरू नका: विरार पूर्व किंवा बदलापूरला शेअर रिक्षाची रांग कधी कधी लोकलइतकाच वेळ खाते, तर शहरात स्टेशनपासून बहुतेक शाळा चालत गाठता येतात. जोरदार पाऊस झाला की शीव, कुर्ला, नालासोपारा इथे रुळांवर पाणी येतं. त्या दिवशी शाळेजवळ कोणाकडे थांबता येईल ते आधी ठरवून ठेवा. लहान मूल घरी असणाऱ्या मैत्रिणींना तर मी हे बजावून सांगते.

७. समोर कोण बसणार आहे, याचा विचार करा

पगार आणि गाडीचा हिशेब झाला तरी दिवसाचे सहा तास तुम्ही मुलांसमोर असणार.

शहरातल्या महापालिका आणि अनुदानित मराठी शाळांत आता घरी हिंदी, भोजपुरी, तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं मोठ्या संख्येने आहेत. मराठी ही त्यांची शाळेतली भाषा आहे, घरातली नाही. पहिल्या दिवसापासून व्याकरण घेऊन बसलात तर ती गप्प होतात. बोलू द्या, गोष्टी सांगू द्या. मे महिन्यात गावी गेलेली मुलं जुलैपर्यंत परतत नाहीत. गोवंडी-मानखुर्दसारख्या भागात वर्ग भरगच्च असतात आणि आरोग्याचे, घराच्या जागेचे प्रश्न वर्गात येतात. महापालिका मुलांना शालेय वस्तू मोफत देते, त्यांच्या वाटपाच्या नोंदीही तुमच्याकडेच येतील. पण या मुलांना शिक्षकाची जितकी गरज असते आणि ती जितका जीव लावतात, तितकं मला दुसरीकडे क्वचितच मिळालं.

उपनगरातल्या वर्गात वेगळं चित्र असतं. पालक सकाळी सहाची लोकल पकडतात आणि रात्री नऊला घरी येतात. मुलगा गळ्यात किल्ली घालून शाळेत येतो, आणि दुपारी घरी कोणी नसतं. पालकसभा कामाच्या दिवशी ठेवली तर कोणी येणार नाही, रविवारी ठेवा. फी भरणारे पालक गुणांबद्दल फार काटेकोर असतात आणि रात्री उशिरा मोबाइलवर संदेश पाठवतात. उत्तर कधी द्यायचं याची वेळ पहिल्याच सभेत सांगून टाका.

तिसरा प्रकार शहराच्या काठावरचा: भिवंडी, कल्याण, वसई तालुक्यांतल्या वीटभट्ट्या, आरे आणि येऊरचे आदिवासी पाडे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ही मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते भरून द्या, म्हणजे जिथे जातील तिथली शाळा त्यांना बसवून घेईल. या कामाची ओढ असेल तर शहापूर-मुरबाडची नेमणूक शिक्षा समजू नका.

८. कागदपत्रं आधीच जमवा

यादी निघाल्यावर धावपळ करू नका. फाइल तयार ठेवा, मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन छायाप्रती:

- दहावी, बारावी, पदवी, डी.एल.एड. किंवा बी.एड. यांच्या सर्व गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं
- टीईटी किंवा सीटीईटी प्रमाणपत्र, टेटचं गुणपत्रक
- पोर्टलवरचं स्वप्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेयर
- समांतर आरक्षणाचा दाखला (दिव्यांग, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, खेळाडू वगैरे)
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र
- संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र
- आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो
- आधी शिकवलं असेल तर अनुभवाचा दाखला

दोन गोष्टींवर सगळ्यांत जास्त अडकतं. पहिली, जात वैधता: तिला महिने लागतात, अर्ज आजच करा. दुसरी, नावातला फरक. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं, असं अनेक जणींचं असतं. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत ठेवा. 'विवाह प्रमाणपत्र पुरेल' असं एका टेबलावर सांगतात आणि पुढच्या टेबलावर नाकारतात.

९. प्राधान्यक्रम आणि मुलाखत

पोर्टलवर मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन प्रकार असतात. पहिल्यात गुणांवर थेट निवड होते. दुसऱ्यात खाजगी संस्था मुलाखत आणि नमुना पाठ घेतात. यादी भरताना मनात 'ही शाळा मिळाली तर उद्या जाऊन रुजू होईन का?' असं प्रत्येक ओळीला विचारा. जिथे जाणारच नाही तिथला क्रमांक टाकू नका. प्राधान्यक्रम एकदा लॉक झाला की बदलता येत नाही, तेव्हा लॉक करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

कोणी 'देणगी' मागितली, मग ती इमारत निधी म्हणून असो की मध्यस्थामार्फत, सरळ उठून या. पैसे देऊन घेतलेल्या जागेची मान्यता पुढे अडली तर ना पैसे मिळतात ना नोकरी. मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे ठेवायला देऊ नका. दाखवायची आणि परत घ्यायची. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही तर मुळीच नको. खाजगी शाळांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमात आणि १९८१ च्या नियमावलीत आहेत: नोकरी सोडताना कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची सूचना द्यायची असते. बेकायदा काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण मुदत फक्त ३० दिवसांची आहे. तोंडी आश्वासनात ते दिवस घालवू नका.

रजेची जागा किंवा तासिका तत्त्वावरचं काम शहरात पुष्कळ मिळतं. अनुभवासाठी एखादं वर्ष जरूर करा. कायम होण्याच्या आशेवर मात्र उपनगरातली चालू जागा सोडून ते घेऊ नका.

१०. रुजू होताना

नेमणूक आदेशात पद, माध्यम, प्रवर्ग, शिक्षण सेवक की वेतनश्रेणी, आणि अनुदानाचा टप्पा हे स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. हजर अहवालाच्या प्रतीवर मुख्याध्यापकांची सही आणि तारीख घ्या. त्यानंतर वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण निरीक्षकांकडे किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मान्यता मिळाल्यावर शालार्थ या सरकारी पगार प्रणालीतला तुमचा क्रमांक मिळतो. अनुदानित शाळेत हा क्रमांक आल्याशिवाय पगार निघत नाही, आणि तो यायला काही महिने जाऊ शकतात. तेवढ्या खर्चाची तजवीज हातात असू द्या. प्रस्तावाचा आवक क्रमांक लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने विचारणा करा.

तीन वर्षं पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी नियमित वेतनश्रेणीसाठीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत जात वैधता जोडा, ती नसेल तर प्रकरण तिथेच थांबतं. सेवापुस्तकातल्या पहिल्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच सही करा: जन्मतारीख, रुजू दिनांक आणि नावाचं स्पेलिंग.